बोअर रिचार्ज करताय? आधी या चुका टाळा

मृग लागायला आठवडा राहिला की आमच्या लातूरात जो तो प्लंबर शोधायला लागतो, गच्चीचा पाइप बोअरमध्ये सोडायचाय, म्हणजे पावसाचं पाणी खाली मुरवून बोअर रिचार्ज करायचाय म्हणून. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना ही धडपड का ते सांगायला नको. पण घाईघाईत जे केलं जातं त्याने चांगले चालू बोअर खराब होतात आणि तेच बघवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाइप थेट केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या जाड पाइपात सोडणं. गच्ची झाडलेली दिसते हो, पण पहिल्या पावसाचं पाणी एकदा बादलीत धरून बघा. मी धरलं होतं, चहासारखा रंग, वर कबुतरांची पिसं, तळाला बोटभर गाळ आणि हात घातला तर बुळबुळीत. हे सगळं खाली गेलं की खडकाच्या भेगांमध्ये जाऊन बसतं. विहिरीतला गाळ माणूस उतरून काढतो, साडेसहा इंची बोअरमध्ये कोण उतरणार? म्हणून पाइपला बोअरच्या आधी टी (पाण्याला दुसरी वाट देणारा तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह लावा, मोसमातले पहिले दोन-तीन पाऊस सरळ बाहेर सोडा आणि नंतरही प्रत्येक पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं बाहेरच जाऊ द्या.

मग फिल्टर. साधा दोनशे लिटरचा ड्रमही चालतो, तळाला गोटे, त्यावर खडी, मग कोळसा, सगळ्यात वर वाळू, आणि मधेमधे नायलॉनची जाळी. काहीजण वाळू खाली टाकतात, ती मग पाण्याबरोबर बोअरमध्ये उतरते. ड्रम वरून वाहायला लागला की लोक म्हणतात फिल्टर लहान पडला, पण बऱ्याचदा वरची दोन इंच वाळूच चिकट होऊन बसलेली असते, ती खरवडून धुवून परत टाकली की पाणी पुन्हा झरझर उतरतं. एवढं करूनही बोअरचं पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर रिचार्ज लगेच बंद करा, मोटर चालवून पाणी उपसून टाका, आणि तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल तर रिचार्जचा खड्डा त्याच्यापासून निदान पन्नास फूट लांब घ्या.

शेतातल्या बोअरला केसिंगभोवती खड्डा घेऊन, पाइपला भोकं पाडून, जाळी गुंडाळून दगड-वाळू भरतात, ही पद्धत चांगली आहे, पण पिण्याच्या बोअरला अजिबात करू नका. आणि शेतातलं वाहतं पाणी त्यात सोडू नका कारण त्यात युरिया असतो, फवारणीचं औषध असतं. नायट्रेट वाढलेलं पाणी उकळून साफ होत नाही आणि तान्ह्या बाळाला ते फार घातक.

आता हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५ हजार लिटर होतं, गळती आणि बाहेर सोडलेलं वजा केलं तरी पन्नास हजाराच्या आसपास, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. थोडं नाही हे!

पण ते पाणी 'माझ्या' बोअरमध्ये साठलं असं समजणं हीसुद्धा चूकच. आपल्याकडे खाली बेसाल्ट, काळा पाषाण, त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, आणि त्या भेगा शेजाऱ्याच्या बोअरलाही जोडलेल्या असू शकतात. तुम्ही मुरवलं आणि शेजारी रात्रंदिवस उपसत बसला तर मार्चमध्ये दोघंही कोरडे. मग लोक अजून खोल जातात, पाचशे, सातशे फूट, आणि खाली नुसता फुफाटा निघतो. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर नकोच असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ते याच कारणाने. बोअरचं पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरणारे बघितले की जीव तुटतो, खाली सावलीत असलेलं पाणी आपण वर उन्हात आणून ठेवतोय, किती उडून जात असेल!

'रिचार्ज करून फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा आधीची पातळी मोजलेलीच नसते. मोटर निदान रात्रभर बंद ठेवा, सकाळी सुतळीला वजन बांधून सोडा, सुतळी ओली झाली तिथून वर मोजा. मेअखेरीला एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, आणि आकडा मोटरच्या पेटीच्या दाराला आतून खडूने लिहा, वही हरवते.