उबुंटू सर्व्हरवरील नेटवर्क कार्ड: मांडणी आणि बिघाडाचा शोध

दूरच्या सर्व्हरच्या नेटवर्क मांडणीला एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरच्या यंत्रावर कमांड चालवण्याची सुरक्षित सोय) हात घालण्यापूर्वी त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट खुली आहे ना, हे पाहून घ्यावे. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक आणि एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ ही दूरवरून यंत्र हाताळण्याची सोय असते. तिच्यासाठी स्वतंत्र पोर्ट वापरले असेल, तर मुख्य कार्डाचा आयपी पत्ता चुकला तरी कन्सोल (यंत्राचा स्वतःचा पडदा आणि कीबोर्ड) हाताशी राहतो. ही तपासणी पुढे ढकलणाऱ्याला रात्री डेटा सेंटर गाठावे लागते.

त्यानंतर कोणते कार्ड कोणते, ते निश्चित करावे. ‘आयपी लिंक’ ही कमांड सर्व कार्डांची नावे दाखवते. ‘ईएनओ१’ हे मदरबोर्डवरच्या कार्डाचे, तर ‘ईएनपी३एस०’ हे पीसीआय बस ३, स्लॉट ० येथील कार्डाचे नाव असते. चार पोर्टांचे कार्ड असेल तर नावावरून अंदाज बांधत बसू नये. ‘ईथटूल’ या कार्ड तपासण्याच्या कमांडला ‘-पी’ (स्मॉल पी) हा पर्याय, कार्डाचे नाव आणि सेकंदांचा आकडा दिला की बहुतेक कार्डांच्या त्या पोर्टवरचा दिवा तेवढा वेळ लुकलुकतो आणि रॅकपाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला नेमके पोर्ट सापडते.

उबुंटूची नेटवर्क मांडणी नेटप्लॅन हे साधन सांभाळते; तिची वायएएमएल या मजकूर-स्वरूपातली फाइल ‘ईटीसी’मधील ‘नेटप्लॅन’ या फोल्डरात असते. तेथे क्लाउड-इनिटने (यंत्राची सुरुवातीची मांडणी आपोआप करणारा प्रोग्राम) तयार केलेली, ५० या आकड्याने सुरू होणारी फाइल आढळल्यास ती थेट बदलू नये, कारण ती पुन्हा लिहिली जाण्याचा संभव असतो. आपली फाइल ९९ या आकड्याने सुरू करावी, म्हणजे ती नंतर वाचली जाते; मात्र एकेरी किंमती नव्या फाइलप्रमाणे बदलत असल्या, तरी पत्त्यांसारख्या याद्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे जुन्या फाइलमधला पत्ता आपोआप नाहीसा होत नाही. जुन्या फाइलमध्ये डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मिळण्याची सोय) चालू असेल तर नव्या फाइलमध्ये ते स्पष्टपणे बंद करावे. वायएएमएलमध्ये ओळीची सुरुवात टॅबने चालत नाही, मोकळ्या जागाच द्याव्या लागतात.

फाइल तयार झाल्यावर ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवावे. ही कमांड नवी मांडणी लागू करून १२० सेकंद थांबते आणि तेवढ्यात एंटर दाबले नाही तर जुनी मांडणी परत आणते. बाँड (अनेक कार्डे एकत्र जोडून केलेले एक कार्ड) आणि ब्रिज (कार्डांना स्विचसारखे जोडणारी मांडणी) यांच्या खास सेटिंगबाबत मात्र हे माघारी फिरणे शक्य नसते, म्हणून ती कामे कन्सोलवरूनच करावीत.

बिघाड शोधताना तळापासून वर यावे. ‘आयपी लिंक’मध्ये ‘नो-कॅरिअर’ (म्हणजे तारेवर सिग्नल नाही) दिसले तर आयपी पत्त्याचा विचार बाजूला ठेवून केबल, एसएफपी मॉड्यूल (पोर्टात बसवायचा केबल-जोडणीचा छोटा भाग) आणि स्विचचे पोर्ट पाहावे. लिंक असेल तर ‘ईथटूल’मध्ये वेग आणि डुप्लेक्स (‘फुल’ म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी, ‘हाफ’ म्हणजे आळीपाळीने वाहतूक) वाचावेत. गिगाबिट कार्ड १०० मेगाबिटवर अडकले असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा: तांब्याच्या केबलवर गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, त्यामुळे एक जोडी तुटूनही लिंक टिकून राहू शकते आणि वरवर सारे ठीक भासते. डुप्लेक्स ‘हाफ’ दिसल्यास एका टोकाला वेग हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या टोकाला ऑटो-निगोशिएशन (वेग आपोआप जुळवणे) आहे का, ते तपासावे. दोन्ही टोकांना ऑटो ठेवणे हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे.

पुढचा टप्पा मोजणीचा. ‘ईथटूल -एस’ (कॅपिटल एस) मधील सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा मोठा आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण तो जुन्या, केव्हाच दुरुस्त झालेल्या बिघाडाचाही असू शकतो. तो काही मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचावा. वाढत असेल तर केबल, मॉड्यूल किंवा पोर्ट यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे. ‘ड्रॉप्ड’चा, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटांचा, आकडा वेगळी कथा सांगतो: तेथे केबलऐवजी रिंग बफर (आलेली पॅकेटे तात्पुरती ठेवण्याची जागा) किंवा सीपीयूवरचा ताण याकडे वळावे.

लहान पिंग जाते पण मोठी फाइल मध्येच अडते, अशी तक्रार असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासावा. ९००० एमटीयू ठेवला असेल तर तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचे पिंग पाठवावे. उरलेल्या २८ बाइट आयपी आणि आयसीएमपी हेडरच्या असतात. ते पिंग पोहोचत नसेल आणि १४७२ चे पोहोचत असेल, तर वाटेतला एखादा स्विच किंवा समोरचे यंत्र १५०० वरच आहे.

दोन कार्डांचा बाँड करताना स्विचवर काही बदलण्याची मुभा नसेल तर ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ (एक कार्ड चालू, दुसरे राखीव) हा प्रकार निवडावा, ‘८०२.३एडी’ या प्रकारासाठी स्विचवर एलएसीपी (अनेक पोर्ट एकत्र जोडण्याची पद्धत) चालू असावेच लागते. बाँड तयार झाल्यावर ‘प्रॉक’मधील ‘नेट’ आणि त्याखालील ‘बाँडिंग’ फोल्डरातील फाइल वाचावी, सध्या चालू असलेल्या कार्डाची केबल मुद्दाम काढावी आणि दुसऱ्या कार्डाने वाहतूक उचलली की नाही, ते त्याच फाइलमध्ये पुन्हा पाहावे.