चर्चचं पार्किंग वाढवताना झाडांचा आणि दिव्यांचा नकाशा कसा तपासावा

पार्किंगचा नकाशा कमिटीपुढे आला की सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: गाड्या किती बसणार? नकाशातलं झाडांचं पान आणि दिव्यांचं पान चहा येईपर्यंत मंजूर होऊन जातं. पुढे वीस वर्षं कटकट होते ती मात्र याच दोन पानांवरून.

आधी नकाशा घेऊन जागेवर जा, तेही रविवारी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटताना. स्कूटर कुठे टेकतात, वयस्क मंडळी रिक्षाची वाट बघत कुठे उभी राहतात, हे कागदावर दिसत नाही. असलेलं प्रत्येक झाड नकाशात आहे का ते मोजा. एखादं तोडायचं असेल तर कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती हातात येण्याआधी कंत्राटदाराला तारीख देऊ नका.

आता घरातली एक बांगडी आणा. चेष्टा नाही. नकाशा १:२०० प्रमाणात असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे दोन मीटर. बांगडी साधारण सहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे बारा मीटरचा पसारा. वाढलेला कडुनिंब एवढा सहज पसरतो. नकाशात मात्र झाड दीड सेंटिमीटरचं, गोंडस गोल काढलेलं असतं. प्रत्येक मोठ्या झाडावर बांगडी ठेवून पेन्सिल फिरवा आणि दिव्यांचं पान त्यावर धरून खिडकीच्या उजेडात बघा. जे खांब गोलात सापडतील, त्यांचा उजेड दहा वर्षांनी पानांवरच पडणार. आमच्याकडे हेच झालं. झाडवाला वेगळा, लाईटवाला वेगळा, दोघांनी एकमेकांचं पान पाहिलंच नव्हतं. शेवटी दरवर्षी फांद्या छाटायचा खर्च आमच्या गळ्यात पडला. खांब हलवता येत नसेल तर तिथे कमी पसरणारं झाड मागा. बहावा चालेल.

झाडाची जात निवडताना गाडीच्या टपाचाही विचार करा. जांभूळ खायला गोड, पण पांढऱ्या गाडीवर नको. नारळ तर नकोच. गुलमोहर दिसतो देखणा, पण त्याच्या फांद्या ठिसूळ आणि बेळगावचा पावसाळी वारा काही सौम्य नाही. खानापूरकडे लाल माती, बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खांबाचा पाया आणि पेव्हरखालचा (फरसबंदीच्या ठोकळ्यांखालचा) थर किती खोल धरलाय ते मुद्दाम विचारा. पावसाचं पाणी गटाराकडे जातं की झाडाच्या आळ्यात तुंबतं, हे उतार दाखवणाऱ्या बाणांवरून कळतं. बाणच नसतील तर नकाशा परत द्या.

दिव्यांच्या पानावर लक्सचे, म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या मापाचे, आकडे पेरलेले असतात. सरासरीला भुलू नका, सर्वांत छोटा आकडा शोधा. तो फाटकाशी, पायऱ्यांशी किंवा पायवाटेवर असेल तर नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला कुणीतरी तिथेच ठेचकाळणार. दिव्याचा रंग तीन हजार केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा पिवळसर मागा. पांढऱ्याफटक दिव्यांभोवती पावसाळ्यात किडे जास्त जमतात. दिव्याचं तोंड सरळ खाली हवं. आमच्या शेजारच्या आजी भिंतीपलीकडून म्हणाल्या, ‘‘लाईट लावा ओ फादर, पण आमच्या माडीत कशाला?’’ नकाशात त्यांची माडी दाखवलेलीच नव्हती. कंपाउंडबाहेरच्या खिडक्या पेन्सिलीने काढून घ्या. रोज रात्रभर सगळे दिवे जळायला नकोत, म्हणून फाटकाजवळचे दोन-तीन वेगळ्या स्विचवर ठेवा. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल आल्यावर ही सूचना कुणाची होती ते सगळ्यांना आठवतं.

रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हेही विचारून घ्या. टँकर की बोअर, आणि नळ कुठे, ते पानावर दिसायला हवं.

आक्षेप तोंडी सांगू नका. नंबर घालून, तारीख टाकून लेखी द्या आणि दुरुस्त नकाशा मागवा. तो आला की पुन्हा एकदा बांगडी फिरवा, मग सही करा.