जुन्या फियाटचा कार्बोरेटर हाती घेताना

आमची प्रीमियर पद्मिनी घरी आली तेव्हा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरायची आणि पुण्याजवळच्या बोपदेव घाटात दुसऱ्या गिअरवर धापा टाकायची. ‘कार्बोरेटर गेलाय,’ जो तो म्हणे. म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. मीही लगेच नाना पेठेतून मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची पितळी पुळी, घेऊन आलो. नव्याने शिकणाऱ्याने ही घाई करू नये, म्हणून हे लिहितोय.

या गाडीच्या सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमधल्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. माझ्या गाडीत १२५ होता, म्हणजे १.२५ मिमी. त्या जागी मी १३५ बसवला. वाटतं, दहाचाच तर फरक! पण छिद्राचं क्षेत्रफळ त्याने जवळपास १७ टक्के वाढतं. चार दिवसांत चारही प्लग काजळीने काळे झाले, आणि घाटात गाडी होती तशीच.

शेवटी गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, पण कार्बोरेटरकडे पाहिलंही नाही. ‘आधी करंट, मग हवा. पेट्रोल शेवटी बघू,’ म्हणाले. सीबी पॉइंटला (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) खड्डे पडले होते. ते बदलले, ठिणगीचं टायमिंग लावलं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले. निम्मं मिसिंग तिथेच गेलं.

थरथर मात्र राहिली. काकांनी कार्बोरेटर काढला, तळाच्या फ्लँजला, म्हणजे इंजिनवर बसणाऱ्या सपाट कडेला, स्टीलची पट्टी लावली आणि उजेडाकडे धरून मला दाखवला. मधून फट दिसत होती. आधी कुणीतरी नट जीव खाऊन आवळले होते, त्याने फ्लँज वाकली होती. कार्बोरेटरमधून न येता हवा थेट तिथून आत शिरायची, म्हणून आयडलला मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. वर जेट कितीही मोठा घाला, ही फट कशी बुजणार? जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून मी तासभर फ्लँज घासली आणि नवं गॅस्केट घातलं. थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) शाफ्टही बोटाने हलवून बघा. खेळ असेल तर तिथूनही हवा ओढली जाते.

साफ करताना जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा पुरते.

सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, चोक न ओढता आणि एअर फिल्टर बसवलेला असताना करा. मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळलं की बाहेर काढत जा, आवाज सगळ्यात एकसारखा होईल तिथे थांबा, मग रेस कमी करा. स्क्रू आवळून बसवू नका, टोकाला खाच पडते. पीयूसीला जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के मर्यादा आहे. तिथला कागद जपून ठेवा, पुढच्या सेटिंगला तो फार उपयोगी पडतो.

पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे मिश्रण मुंबईपेक्षा किंचित रिच (पेट्रोल जास्त) होतं. एवढ्यासाठी जेट बदलायचं कारण नाही. ई-२० पेट्रोलचं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, तसं नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण लीन पडतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅमही आधी बदलून घ्या.

त्या ई-२०मुळे सध्या माझ्या गाडीत १३०चा जेट आहे. परवा बोपदेव चढून वर पोहोचल्यावर प्लग काढले, चारही विटकरी, म्हणजे मिश्रण बरोबर.