मधुमेही मुलाचं बीपी मोजताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे घरात बीपीचं मशीन असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. बहुतेक वेळा ते आजोबांसाठी आणलेलं असतं. नातवाला टाइप १ मधुमेह निघाला की तेच मशीन, तोच पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला जातो. आकडा येतो, आजोबांपेक्षा कमी दिसतो आणि घर निर्धास्त होतं.

हा निर्धास्तपणाच नडतो. मुलाच्या मानाने पट्टा मोठा असला की बीपी खरं असतं त्याहून कमी दाखवतं, तंग असला की जास्त. म्हणजे आजोबांचा पट्टा नातवाचं वाढलेलं बीपी झाकून ठेवू शकतो. शिंप्याची टेप घ्या. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून मध्यावर खूण करा आणि तिथला दंडाचा घेर मोजा. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी लांबीला या घेराच्या ८० ते १०० टक्के आणि रुंदीला निदान ४० टक्के हवी. घेर १८ सेंटिमीटर असेल तर लांबी साडेचौदा ते अठरा आणि रुंदी सात सेंटिमीटरच्या थोडी वर. पाकिटावर ‘लहान मुलांसाठी’ लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. अंगाने भरलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचाच पट्टा लागू शकतो. मनगटावरचं मशीन मुलांसाठी नकोच.

दुसरी चूक शिकलेल्या घरांतही होते: १२०/८० ची मोजपट्टी. ती तेरा वर्षांपासून पुढे. त्याआधी मुलाचं बीपी वय, मुलगा की मुलगी आणि उंची यांच्या तक्त्यावर ताडून बघतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या तक्त्यानुसार आठ वर्षांच्या मुलाचं बीपी १०७/६९ किंवा त्यावर गेलं की नीट तपासायला हवं. त्या वयाला ११८/७८ आलं आणि कुणी ‘एकदम नॉर्मल’ म्हणून वही मिटली, तर तिथेच घोटाळा झाला. म्हणून बीपीच्या शेजारी त्या दिवशीची उंचीही लिहा. उंचीशिवायचा आकडा डॉक्टरांच्या अर्ध्याच कामाचा.

आता मुलाची अवस्था. गावाकडून पहाटेची बस धरून बेळगावला यायचं, उपाशीपोटी साखर तपासायची, स्टँडवरून दवाखान्यापर्यंत पळत जायचं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या दंड पुढे करायचा. हा आकडा मुलाचा कमी आणि धावपळीचा जास्त! तीन ते पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि अढी न घातलेले. खुर्ची उंच असेल तर पायाखाली स्टूल द्या. हात टेबलावर, छातीच्या मध्याच्या पातळीला. थंडीत स्वेटरची बाही वर सरकवून दंडाला आवळतात. त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा.

मधुमेही मुलाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सुटतात. साखर वाढली की लघवी वारंवार लागते आणि भरलेल्या लघवीवर बीपी चढतं. आधी जाऊन येऊ द्या. आणि मूल घामाघूम, थरथरणारं, छाती धडधडणारं असेल तर बीपी बाजूला ठेवून आधी साखर बघा. साखर उतरलेली असताना वरचं बीपी चढू शकतं. आधी साखर वर आणा, मूल सावरू द्या, मग मोजा.

भीती हेही मोठं कारण आहे. रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्या पोराला पट्टा दिसला की पुढे सुई येणारच असं वाटतं. ‘आज टोचायचं नाही बाळा, दंड नुसता आवळेल’ हे त्याच्या घरच्या बोलीत आईने सांगावं. सिस्टर कन्नडमधून समजावत असतील तर तेही मोजायच्या आधीच होऊ द्या. मोजताना कुणीच बोलायचं नाही.

शक्यतो उजव्या हातावर मोजा. तक्ते त्याच हाताच्या मोजमापांवरून बनलेत, आणि हृदयातून निघणारी महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर डावा हात कमी दाखवू शकतो. दंडावर साखरेचा सेन्सर लावत असाल तर तो डाव्यावर लावा, म्हणजे उजवा मोकळा राहतो.

मशीन एरर दाखवतंय? बहुधा हात हलला, पट्टा सैल बसला किंवा सेल उतरलेत. मिनिटभर थांबून पुन्हा घ्या. आकडा जास्त आला तर आणखी दोनदा मोजून तिन्ही लिहा. बरा वाटला तेवढाच ठेवायचा नाही. तरीही जास्तच येत असेल तर दवाखान्यात स्टेथोस्कोपने मोजून घ्या. वेगवेगळ्या तीन भेटींत वाढलेलं निघाल्यावर मग निदान पक्कं करतात, आणि दवाखान्याच्या धास्तीने वाढतंय अशी शंका असेल तर चोवीस तासांचं मशीन लावतात. तोवर आजोबांची गोळी अर्धी करून देणं हा शुद्ध वेडेपणा.

सीमाभागात एक फाइल कोल्हापूरला आणि एक बेळगावला असते, वर मिरजेची चिठ्ठी वेगळी. सगळे आकडे एकाच वहीत उतरवा: तारीख, उंची, कोणता पट्टा, कोणता हात, तेव्हाची साखर.

बीपी खूप चढलंय आणि सोबत डोकेदुखी, अंधूक दिसणं किंवा झटके असतील तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि साखर खूप वाढलीय, उलट्या होताहेत, मूल धापा टाकतंय, अशा वेळी बीपी चांगलं आलं म्हणून घरी थांबू नका. अंगातलं पाणी बरंच कमी झालं तरी मुलांचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं.