घरी बनवलेलं टेबलावरचं आर्केड बघायला जाताना

पार्लरमधल्या गेम मशीनचं हे छोटं घरगुती रूप विकत घ्यायला निघालात, तर पिशवीत टॉर्च, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि स्लो-मोशन घेणारा फोन टाका. मित्रालाही न्या, दोघांचं मशीन एकट्याला तपासता येत नाही.

विकणारा आधी गेमचा आकडा सांगेल, दहा हजार वगैरे. कानाआड करा. गेम ज्यात भरलेले असतात त्या मेमरी कार्डाची नक्कल तासाभरात होते आणि त्यातले बहुतेक गेम कुणाच्या तरी मालकीचे असतात, त्याचे पैसे कसले? दोनच लावायला सांगा. पहिला १९८०चा पॅक-मॅन. हा चारच दिशांचा खेळ, त्यामुळे आठ दिशांची जॉयस्टिक असेल तर वळणावर तिरकी ओढली जाते आणि तुम्ही भुताच्या तोंडी जाता. जॉयस्टिकखालची चौकट फिरवून चार दिशा करता येतात का, विचारा. चित्र उभंच हवं. पडदा भरायला ताणून भुतं जाडी केली असतील, तर बनवणाऱ्याने मन लावलेलं नाही.

दुसरा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, म्हणजे पार्लरमधला आपला ‘मुस्तफा’. उडी आणि मार एकदम दाबा. खास फटका दर वेळी बसलाच पाहिजे. बटणं मधोमध नव्हे, कडेला दाबून बघा, अडकणारं तिथेच सापडतं. मग बोट आणि पडदा एका चौकटीत घेऊन सेकंदाला २४० फ्रेमनी चित्रण करा. बटण दबल्यापासून उडीपर्यंत २५ फ्रेम लागल्या, तर सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशीर आहे. एवढा उशीर हाताला जाणवतो, घासाघीस करायला हरकत नाही.

मनगट टेकतं का? माझ्या पहिल्या खोक्यात बटणं इतकी कडेला गेली होती की दहा मिनिटांत हात भरून यायचा. रंग मात्र झकास होता.

आता मागची फळी उघडा, पण प्लग काढून. २३० व्होल्टचा उघडा जोड दिसला तर किंमत विचारूच नका, घरी या. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, कापलेल्या कडा रंगाने किंवा सनमायकाने बंद हव्यात, नाहीतर कोकणातल्या पहिल्याच पावसाळ्यात फुगतील. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक-बोर्ड असेल तर ५ व्होल्ट, ३ अँपियरचा पुरवठा लागतो. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकलं, तर चार्जर कमी पडतोय. अर्धा तास चालू ठेवा. ८० अंश सेल्सिअसला हा बोर्ड स्वतःच मंदावतो, म्हणून हवेला वाट ठेवलीय का बघा. बंद कसं करायचं तेही विचारा, सरळ प्लग खेचल्याने कार्ड बिघडू शकतं.

किमतीसाठी पडदा, बोर्ड, जॉयस्टिक, बटणं यांची आजची बेरीज करा. जुना मॉनिटर जुन्याच भावाने धरा. मजुरी वेगळी, आणि तीत हात आखडू नका. वायरींवर चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाला दोन पैसे जास्त द्यायला मला कधी जड गेलं नाही. पैसे देण्याआधी सेटिंगसकट कार्डाची एक प्रत मागून घ्या.