स्पॅनिश विशेषणे नामाला कशी जोडावीत

'चांगला मुलगा, चांगली मुलगी' हा मेळ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये तेच करायचे, तेही कमी कष्टात: नामांची लिंगे दोनच आणि सामान्यरूप नाही. 'ला कासा ब्लांका' म्हणजे पांढरे घर आणि 'एन ला कासा ब्लांका' म्हणजे पांढऱ्या घरात. विशेषणाचे रूप तेच राहते. (उच्चार लॅटिन अमेरिकी वळणाचे दिले आहेत.)

१. नाम पाठ करताना त्याआधी येणारे 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) सोबतच पाठ करा. मराठीतले लिंग उसने घेऊ नका. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'एल लिब्रो' पुल्लिंगी. 'आ'कारान्त ते स्त्रीलिंगी हा अंदाज बहुतेकदा जमतो, पण 'एल प्रोब्लेमा' आणि 'एल मापा' पुल्लिंगी, तर 'ला मानो' (हात) स्त्रीलिंगी. 'एल आग्वा' हा तर खरा चकवा: सुरुवातीच्या 'आ'वर आघात असल्यामुळे तिथे 'एल' येतो, नाम मात्र स्त्रीलिंगीच. म्हणून थंड पाणी 'एल आग्वा फ्रीआ'.

२. विशेषणाचा शेवट पाहा. 'ओ' असेल तर चार रूपे: रोखो, रोखा, रोखोस, रोखास (लाल). 'ए' किंवा व्यंजन असेल तर सहसा फक्त अनेकवचन बदलते: बेर्दे–बेर्देस (हिरवा), आसूल–आसूलेस (निळा). व्यंजनाने संपणारे देशवाचक शब्द बहुधा याला अपवाद: एस्पान्योल–एस्पान्योला.

आपली चूक हमखास होते ती इथेच. मराठीत 'लाल' कधीच बदलत नाही, म्हणून तोंडातून 'कासा रोखो' निघून जाते. क्रियापदानंतरही मेळ सुटत नाही: 'लास कासास सोन रोखास', घरे लाल आहेत.

३. विशेषण नामाच्या मागून ठेवा: 'लिब्रो रोखो'. संख्या आणि 'मूचो' (पुष्कळ) मात्र आधी. काही विशेषणांचा अर्थ जागेवर ठरतो. 'ओम्ब्रे पोब्रे' म्हणजे गरीब माणूस, 'पोब्रे ओम्ब्रे' म्हणजे बिचारा. 'ओम्ब्रे ग्रांदे' धिप्पाड, 'ग्रान ओम्ब्रे' थोर. एकवचनी नामाआधी, लिंग कोणतेही असो, 'ग्रांदे'चे 'ग्रान' होते. 'ब्वेनो'चे (चांगला) 'ब्वेन' फक्त पुल्लिंगी एकवचनात: 'ऊन ब्वेन लिब्रो', पण 'ऊना ब्वेना कासा'.

४. मिश्र गटाला पुल्लिंगी अनेकवचन. नऊ मुली आणि एक मुलगा असला तरी 'आल्तोस' (उंच), 'आल्तास' नव्हे.