पाच लाखांच्या आत ज्येष्ठांसाठी प्रभागातलं काम मंजूर करून घेताना

पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायला सांगते आणि त्यांना पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जागा देते. एका कामाला जास्तीत जास्त पाच लाख रुपये. ज्येष्ठांचं रोजचं जगणं सोपं करायला इतका हाताशी असलेला पैसा क्वचितच मिळतो, तरी कितीतरी अर्ज ‘विरंगुळा केंद्र हवं’ एवढीच मागणी करून थांबतात. पाच लाखांत विरंगुळा केंद्र उभं राहत नाही. पायऱ्यांना रेलिंग लागतं, चांगले बाक बसतात, उखडलेला फुटपाथ सपाट होतो, अंधाऱ्या वळणावर दिवा येतो. म्हातारी माणसं घराबाहेर पडायची बंद होतात ती याच गोष्टींपायी.

हे पैसे कुणाच्या खात्यात येत नाहीत, काम महापालिकाच करून देते. त्यामुळे संस्थेची नोंदणी, ऑडिट वगैरेच्या मागे लागू नका.

काय मागायचं ते ठरवा. सकाळी बागेत भेटणाऱ्या आजी-आजोबांना विचारून यादी करायची पद्धत मला अजिबात पटत नाही. ते बाहेर पडतातच की! ज्यांचं फिरणं थांबलंय त्यांच्या घरी जा. ‘काका, शेवटचं कुठपर्यंत जात होता? तिथे काय नडलं?’ एवढंच विचारा. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणावर बोट ठेवणारं असतं: दवाखान्याच्या अलीकडचा चढ, बसथांब्यासमोरचा उंच कट्टा, पुलाच्या पायऱ्या.

अर्ज घ्या. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात महापालिकेचं प्रकटन, म्हणजे कामं सुचवा अशी जाहीर सूचना, निघतं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो.

कामाचं वर्णन लिहा. बरेचसे अर्ज इथेच बाद होतात, आणि सुरुवातीला माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा. लोक तक्रार लिहितात: ‘ज्येष्ठांना फार त्रास होतो, तरी योग्य ती सोय करावी.’ अर्ज वाचणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला त्यातून एस्टिमेट, म्हणजे त्या कामाच्या खर्चाचा तपशीलवार हिशेब, करता येत नाही, आणि एस्टिमेट झालं नाही तर काम पुढे सरकत नाही. दोनशे सह्या जोडा असं सांगणारे खूप भेटतील. सह्यांनी एस्टिमेट बनत नाही. टेप घेऊन जागेवर जा.

वर्णन असं असावं: ‘अमुक बसथांबा ते तमुक दवाखाना, डाव्या बाजूच्या फुटपाथवर, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेले चार बाक बसवणे. बैठकीची उंची ४५० ते ५०० मिलिमीटर. बाक बसवल्यावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी ठेवणे.’ जागा, नग, मापं, सगळं एका परिच्छेदात. सोबत जागेचा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा.

बाकाच्या हातांवर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. नुसत्या दगडी बाकावरून उठणाऱ्या आजोबांकडे एकदा नीट बघा. दोन्ही पंजे गुडघ्यांवर रोवतात, पुढे झुकतात, पुन्हा मागे बसतात, मग कुणीतरी दंड धरतं. पुढच्या वेळी ते तिथे बसतच नाहीत. तुम्ही नुसतं ‘बाक’ लिहिलंत तर तसाच दगडी बाक यायची शक्यता मोठी, म्हणून ‘हात असलेला’ हे शब्द अर्जात हवेतच.

रेलिंगचंही तसंच. चौकोनी, जाडजूड पाइप दिसायला भक्कम असतो, पण संधिवाताच्या बोटांत मावत नाही. गोल पाइप, ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा, असं लिहा. आणि रेलिंग पहिल्या पायरीच्या आधी व शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिलिमीटर जायला हवं. शेवटच्या पायरीवर आधार संपला की तोल जातो नेमका तिथेच. ही मापं सार्वजनिक जागांसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतली आहेत, तेव्हा ‘हे कुठून आणलंत?’ असं कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा.

जागा कुणाची, हे लिहिण्याआधी पक्कं करा. सोसायटीच्या आवारात महापालिका खर्च करणार नाही, आतला रस्ता कितीही वापरात असला तरी. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत तर महापालिकेचा संबंधच नाही.

एका अर्जात एकच काम. दिवा विद्युत विभागाकडे जातो, फुटपाथ पथ विभागाकडे, बागेतला बाक उद्यान विभागाकडे. तिन्ही एकत्र लिहिलीत तर कागद टेबलांमधून फिरत राहील.

अर्ज द्या, पोच घ्या. पोच नसेल तर पुढे विचारायला तोंड राहत नाही.

स्थळपाहणी करा. कनिष्ठ अभियंत्याला भेटून वेळ मागा आणि जाताना एका आजींना सोबत न्या, जमल्यास काठीसकट. त्या रस्ता चालून दाखवतात तेव्हा बोलायचं फारसं उरत नाही. रक्कम पाचच्या वर जात असेल तर तिथल्या तिथे सहा बाकांचे चार करा. मापांना मात्र हात लावू देऊ नका.

यादी तपासा. अंदाजपत्रक आलं की नागरिकांनी सुचवलेल्या कामांत आपलं काम शोधा आणि समोरची रक्कम वाचा. रक्कम कापली असेल तर लगेच अभियंत्याला गाठून काय वगळलं ते विचारा. काम एक एप्रिलनंतरच सुरू होऊ शकतं, आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत झालं नाही तर निधी लॅप्स होतो. म्हणून दिवाळी उलटली की दर महिन्याला विचारणा सुरू ठेवा.

काम होत असताना हजर राहा. मंजूर एस्टिमेटची प्रत आधीच मागून ठेवा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. काँक्रीट ओतण्याआधी बैठकीची उंची मोजा, कारण एकदा पाय गाडले की कुणी बाक उपटून पुन्हा बसवत नाही. फरक दिसला तर फोटोसह लेखी कळवा, ठेकेदाराचं अंतिम बिल निघायच्या आत.